स्किप लिंक आहे, म्हणजे साइट सुलभ आहे?

गैरसमज: वेबसाइटच्या डोक्यावर स्किप लिंक टाकली की ती अंधांसाठी सुलभ होते.

हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच पुढचं वाक्य मला पाठ असतं. साइट बांधणारा कंत्राटदार हेच म्हणतो, कार्यालयातले साहेब हेच म्हणतात, कॉलेजचे प्राचार्यही हेच म्हणतात. ‘तुमची साइट अंध माणसाला वापरता येते का?’ असं विचारलं की उत्तरादाखल पानाच्या वरच्या पट्टीकडे बोट जातं. तिथे ‘मुख्य मजकुराकडे जा’ असं लिहिलेलं असतं, शेजारी ‘अ- अ अ+’, त्याच्या शेजारी ‘स्क्रीन रीडर’. बस्स, विषय संपला! वर आपल्यालाच ऐकवतात, ‘आम्ही सगळं केलंय, लोक वापरत नाहीत त्याला आम्ही काय करणार?’

तेव्हा मुळापासून सुरुवात करू.

डोळस माणूस वेबपान उघडतो तेव्हा लोगो, मेनू, बातम्यांची पट्टी यांवरून त्याची नजर सर्रकन खाली उतरते. अंध माणूस स्क्रीन रीडर वापरतो. हे सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर बोलून दाखवतं, आणि ते एकामागून एक, वरून खाली. त्यामुळे त्याच्या कानावर साधारण असं काहीतरी येतं: ‘लिंक, मुख्यपान. लिंक, आमच्याविषयी. लिंक, विभाग, सबमेनू. लिंक, निविदा. लिंक, माहितीचा अधिकार. ग्राफिक, बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू. लिंक. लिंक. लिंक.’ शेवटच्या तिघींना नावच नाही. त्या फेसबुक, एक्स आणि यूट्यूबच्या चिन्हांच्या लिंक आहेत आणि त्या चिन्हांना पर्यायी मजकूर द्यायचं कुणाला सुचलेलं नाही. हे सगळं एकदा ऐकून घेतलं तर एक वेळ चालेल. पण पुढच्या पानावर गेलं की परत ‘लिंक, मुख्यपान’पासून श्रीगणेशा. बेस्टच्या बसमध्ये प्रत्येक थांब्यानंतर कंडक्टरने डेपोपासूनच्या सगळ्या थांब्यांची नावं नव्याने ऐकवावीत, तसा हा प्रकार.

यावरचा एक उपाय म्हणजे स्किप लिंक. पानावर कीबोर्डने पोचता येईल अशी ती सर्वांत पहिली गोष्ट असते. टॅब दाबला की ती समोर येते, एंटर दाबला की मेनूबिनू ओलांडून थेट मुख्य मजकुरावर नेते. कोड लिहायचा तर दोन-चार ओळी. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुलभता निकषांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, या गरजेचा क्रमांक 2.4.1 आहे आणि तो सर्वांत पायाभूत ‘ए’ पातळीवर आहे. तेव्हा स्किप लिंक हवीच. माझं भांडण तिच्याशी नाही, तिच्या आडोशाला लपणाऱ्यांशी आहे.

वस्तुस्थिती: पन्नास निकषांपैकी हा फक्त एक.

भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीआयजीडब्ल्यू या नावाने ती ओळखली जातात आणि त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. ही आवृत्ती डब्ल्यूसीएजी 2.1 च्या ‘एए’ पातळीवर उभी आहे. त्या पातळीपर्यंतचे निकष मोजले तर भरतात 50. चित्रांना पर्यायी मजकूर, अर्जातल्या प्रत्येक चौकटीला लेबल, चूक झाली तर ती शब्दांत सांगणं, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक, सगळं काही कीबोर्डने करता येणं, पानाची भाषा कोडमध्ये नोंदवणं, हे सगळे त्यात आले. एक निकष पाळायचा आणि उरलेल्या एकोणपन्नासांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, याला सुलभता म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. निकष 2.4.1 ‘स्किप लिंक द्या’ असं म्हणतच नाही. दर पानावर तोच तो येणारा भाग ओलांडायची काहीतरी सोय द्या, एवढंच तो म्हणतो. शीर्षकांची नीट उतरंड लावली, किंवा पानाचे हेडर, नॅव्ह, मेन, फूटर असे भाग योग्य टॅगमध्ये बसवले, तरी हा निकष पूर्ण होतो. आणि अंध वापरकर्ते जास्त करून तेच वापरतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एच ही कळ दाबली की पुढचं शीर्षक येतं, डी दाबली की पानाचा पुढचा भाग, एफ दाबली की अर्जातली पुढची चौकट. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाची वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी वरचेवर करते. लांबलचक पानावर हवं ते कसं शोधता, या प्रश्नाला सुमारे 70 टक्के लोकांचं उत्तर एकच असतं: शीर्षकांवरून.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत राहणाऱ्या एका तरुणाला मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पाहिलं. पान उघडताच त्याचं बोट एचवर गेलं. उत्तर आलं, ‘नो नेक्स्ट हेडिंग’. पानावर मोठी, ठळक, निळी शीर्षकं मला डोळ्यांनी दिसत होती. पण ती नुसती रंगरंगोटी. कोडमध्ये ते साधे परिच्छेद होते. मग त्याने एफ दाबली. ‘एडिट, ब्लँक.’ पुन्हा एफ. ‘एडिट, ब्लँक.’ यातल्या कुठल्या चौकटीत नाव घालायचं आणि कुठल्या चौकटीत आधार क्रमांक, हे सांगणारं लेबल जोडलेलंच नव्हतं. त्याने अंदाजाने भरलं. शेवटी आलं ‘ग्राफिक, कॅप्चा’. वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणे! ऐकून लिहायचा पर्याय नाही. त्याने शेजारच्या मुलाला हाक मारली, आणि त्यासोबत आपली सगळी खासगी माहितीही त्याच्यासमोर उघडी केली. त्या पानावर स्किप लिंक होती बरं का. चांगली चालतही होती. ती त्याला नेमकी या बिननावाच्या चौकटींपाशी आणून सोडत होती.

‘मग कार्यालयात जाऊन अर्ज भरायचा’ असं कुणी सुचवेल, तर त्याने एकदा माहुलला यावं. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रस्त्याला टँकरच्या रांगा, आणि तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर इथे आणून वसवलेली हजारो माणसं. इथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांनी बोलून झालंय. पालिकेचं विभाग कार्यालय चेंबूरला, उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला. पांढरी काठी घेऊन टँकरच्या मधून वाट काढत वांद्रे गाठायचं आणि तिथे ऐकायचं, ‘हे ऑनलाइन करा’. अशा माणसासाठी वेबसाइट म्हणजेच कार्यालय. तिचं दार बंद असेल तर दुसरं दार नाही.

गैरसमज: स्किप लिंक फक्त अंधांसाठी असते.

उलट, तिची सर्वांत जास्त गरज डोळस माणसांना असते! ज्यांना दिसतं पण माउस धरता येत नाही, अशी माणसं: सेरेब्रल पाल्सी असलेले, कंपवाताने हात थरथरणारे, अपघातात हात गमावलेले, मनगटाच्या दुखण्याने बेजार झालेले. ते स्क्रीन रीडर वापरत नाहीत, त्यामुळे एच दाबून शीर्षकांवर उड्या मारायची सोय नेहमीच्या ब्राउझरमध्ये त्यांना मिळत नाही. त्यांच्या हातात फक्त टॅब. मेनूत चाळीस लिंक असतील तर टॅब चाळीस वेळा दाबायचा, प्रत्येक पानावर. त्यांच्यासाठी स्किप लिंक खरीखुरी सुटका आहे.

म्हणूनच जी स्किप लिंक पडद्यावर कधीच दिसत नाही, ती अर्धी वाया गेली. ‘ती अंधांसाठी आहे, दिसायची काय गरज?’ असं म्हणून डिझायनर ती कायमची दडवतात. मग कीबोर्ड वापरणारा डोळस माणूस टॅब दाबतो, आपण नेमके कुठे आहोत ते त्याला कळत नाही, आणि तो पुढे निघून जातो. एरवी लपवा हवी तर, पण टॅब तिच्यावर आला की ती ठसठशीत दिसलीच पाहिजे.

गैरसमज: लिंक आहे म्हणजे ती चालते.

इथे तर हात टेकायची वेळ येते. वेबएम दरवर्षी दहा लाख साइटींची मुख्यपानं यंत्राने तपासते. ज्यांच्यावर स्किप लिंक आहे, त्यांतली साधारण दहात एक तुटलेली असते. ती कशी तुटते, याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत.

पहिली, लिंक ‘डिस्प्ले नन’ करून लपवलेली असते. असं केलं की ती स्क्रीन रीडरसाठीही नाहीशी होते आणि कीबोर्डसाठीही. म्हणजे ती फक्त कंत्राटदाराच्या अहवालात उरते. दुसरी, साइटचं नवं रूप आलं, मुख्य मजकुराचं जुनं ओळखनाव नव्या साच्यात हरवलं, आणि लिंक ज्या ठिकाणी न्यायची ते ठिकाणच उरलं नाही. एंटर दाबा, ढिम्म. तिसरी, लिंक मुख्य मजकुरावर न नेता सरकत्या बॅनरवर किंवा ‘ताज्या घडामोडी’च्या धावत्या पट्टीवर नेते, म्हणजे ज्याला टाळायचं होतं त्याच्याच गळ्यात टाकते. चौथी, ती पहिली नसतेच. भाषा बदला, रंग बदला, अक्षर वाढवा, लॉगिन करा, हे सगळं झाल्यावर तिचा नंबर. पाचवी जुन्या ब्राउझरांत हमखास दिसायची: पान डोळ्यांना खाली सरकलेलं दिसे, पण कीबोर्डचं ठाणं वरच राही. पुढचा टॅब दाबला की पुन्हा मेनूत. मुख्य मजकुराच्या भागाला टॅबइंडेक्स उणे एक दिलं की हे सुटतं. आता या पाचांतली एकही गोष्ट साइट नुसती डोळ्यांनी पाहून कळत नाही. कीबोर्ड हातात घ्यावाच लागतो.

गैरसमज: मजकूर मराठीत टाकलाय, स्क्रीन रीडर वाचेलच की!

वाचेल, मजकूर युनिकोडमध्ये असेल तर. आपल्याकडे आजही कितीतरी पत्रकं कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. कृतिदेवमध्ये ‘माहुल’ लिहिलं तर पडद्यावर माहुल दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती ई, के, जी, क्यू, वाय ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. सगळी जाहिरात, सगळी अट, सगळी शेवटची तारीख याच भाषेत! आणि सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ चढवली असेल तर तेवढंही नाही, कारण ते नुसतं चित्र असतं. स्क्रीन रीडर गप्प बसतो. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, अशी पानं वाचायचा प्रयत्न करता येतो, पण तक्ते आले की सगळा काला होतो. टाइप केलेली मूळ फाइल हाताशी असताना तिची प्रिंट काढून, सही करून, पुन्हा स्कॅन करून चढवण्याची ही पद्धत कुणी काढली कोण जाणे.

याच्याच जोडीला आणखी एक खोडी. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा नोंदवलेली इंग्रजी. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो, आणि त्याचे हाल ऐकवत नाहीत. तिथे एक छोटा शब्द बदलायचा असतो. तेवढं केलं की सेटिंगप्रमाणे मराठी आवाज आपोआप सुरू होतो.

गैरसमज: हे सगळं ऐच्छिक आहे, उपकार म्हणून करायचं.

हा समज कायद्याने कधीच खोडून काढला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. त्याच्या कलम 42 मध्ये माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाच्या सुलभतेची जबाबदारी आहे आणि कलम 46 सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत वा खासगी, मुदत घालून देतं. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या नियम 15 वर बोट ठेवलं: सुलभतेचे मानदंड नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. 30 एप्रिल 2025 ला त्याच न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचा प्रश्न होता, अमर जैन हे स्वतः पूर्ण अंध असलेले वकील. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करताना ‘डोळे मिचकवा’ असं सांगणाऱ्या यंत्रणेपुढे या माणसांनी करायचं काय? न्यायालयाने 20 निर्देश दिले आणि सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आता यानंतरही ‘बजेट आलं की बघू’ म्हणणाऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं.

आता उरलेले गैरसमज, झटपट.

‘अंध लोक कुठे इंटरनेट वापरतात?’ 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. तेही फोन रिचार्ज करतात, तिकिटं काढतात, परीक्षांचे अर्ज भरतात. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूने चौदाव्या वर्षी गेली. वाडिया कॉलेज, मग पवईची आयआयटी, मग 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट असा प्रवास करून त्यांनी एमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि पुढे गूगलमध्ये अँड्रॉइडच्या सुलभतेवर काम केलं. अंध लोक इंटरनेट वापरतात का हे विचारण्यापेक्षा आपण वापरतो त्यातलं किती अंध लोकांनी घडवलंय, हे विचारा.

‘स्क्रीन रीडर महाग असतो.’ एनव्हीडीए 2006 पासून फुकट आहे आणि तो घडवला दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर फोनसोबतच येतात.

‘अ+ चं बटण दिलंय.’ अंध माणसाला त्याचा उपयोग शून्य. कमी दिसणाऱ्याला ब्राउझरचं झूम आधीपासून आहे. तुमचं पान 200 टक्क्यांवर मोडत नाही ना, तेवढं बघा.

‘एक विजेट बसवलं की साइट आपोआप सुलभ होते.’ असा दावा करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले.

‘अंधांसाठी वेगळी, नुसत्या मजकुराची साइट काढू.’ ती काढली जाते आणि मग तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मूळ साइटवर नवी तारीख, तिथे जुनीच.

‘सॉफ्टवेअरने तपासली, शंभर गुण मिळाले.’ यंत्राला चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढं कळतं, तो खरा आहे की नाही ते कळत नाही. ‘फोटो 1’ लिहिलं तरी यंत्र खूश.

‘सुलभ साइट दिसायला गबाळी असते.’ शीर्षकाचा टॅग, लेबलची जोडणी, पर्यायी मजकूर यांतलं काहीही पडद्यावर दिसत नाही. ते कोडमध्ये असतं.

शेवटी, ज्यांच्या हातात एखादी साइट आहे, मग ती शाळेची असो, पतपेढीची असो वा पालिकेची, त्यांनी आजच एक करावं. माउस बाजूला ठेवा. पान उघडा, टॅब दाबा. स्किप लिंक दिसली का? एंटर दाबून ती मजकुरावर गेली का? तिथून पुढे नुसत्या कीबोर्डवर अर्ज शेवटपर्यंत भरता आला का? मग एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि तोच अर्ज कानाने भरून बघा. जिथे अडकाल ती दुरुस्त्यांची यादी. त्यानंतर अंध तपासनीसांना, त्यांच्या कामाचा मोबदला देऊन, बोलवा आणि ही अट निविदेतच लिहा. कंत्राटदाराने वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं तर मान डोलवू नका. अंध माणूस कुणाच्याही मदतीशिवाय तुमच्या साइटवर अर्ज भरून पावती काढून दाखवत नाही, तोवर बिल मंजूर करू नका.